आयर्न क्रॉसच्या मागचा आकडा: '४' की 'एल/१६'?

आयर्न क्रॉस म्हणजे जर्मन सैन्याचं शौर्यपदक. त्याच्या १९३९ च्या नमुन्यावर मागे नुसता '४' असो की 'एल/१६', कारखाना एकच: जर्मनीतल्या ल्यूडेनशाइड गावचा 'श्टाइनहाउअर अँड ल्यूक'. फरक आहे तो बिल्ला कुठे जाणार होता याचा. नुसता आकडा म्हणजे जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासाठी, सैनिकाला प्रदान करायला घडवलेला. 'एल' असलेला दुकानात विकायला. अधिकारी पदरचे पैसे घालून जादा प्रत घेत. म्हणून 'एल'वाला नकली, हा समज चुकीचा.

काळ ठरवायला मात्र 'एल' जास्त उपयोगी. ही पद्धत १९४१ मध्ये आली, तेव्हा असा शिक्का असलेला नग त्याआधीचा असूच शकत नाही. युद्धाच्या सुरुवातीच्या कित्येक नगांवर तर शिक्काच नसतो. अशा वेळी धातू पाहावा. हल्ला-बिल्ले, म्हणजे चढाईत भाग घेतलेल्या सैनिकांना मिळणारे बिल्ले, आधी टोंबाकचे, म्हणजे पितळेसारख्या मिश्रधातूचे. पुढे तांब्याच्या टंचाईमुळे जस्ताचे. जस्तावरचा मुलामा उडून राखाडी डाग पडतात.

मी आधी धातू, पिन आणि बिजागरी बघतो, शिक्का शेवटी. कारण नकली बिल्ल्यावर सर्वात सोपं काम शिक्का मारण्याचंच, आणि नकलाकार हौसेने नामांकित कारखान्याचाच आकडा ठोकतात.