अपूर्णांकाचं समीकरण: क्रॉस मारायचं की लसाविनं छेद उडवायचे?

क्रॉस मल्टिप्लाय फास्ट असतंय, यात वादच नाही. दोन्हीकडं एकेकच अपूर्णांक असला की इकडचा अंश तिकडच्या छेदाशी, तिकडचा इकडच्याशी, विषय संपला. शाळेत मी पण तेच करायचो आणि आता उद्यमनगरातनं घरी आलो की भाचा वही घेऊन बसतोय, त्याचं पण तेच.

डावीकडं दोन पदं आली की मात्र गाडी अडते. क्ष/४ + क्ष/६ = ५ घ्या. क्रॉस मारायच्या आधी डावी बाजू एक करायला लसावि काढावाच लागतोय, मग काढलाच आहे तर त्या १२ नं सगळंच गुणून मोकळं व्हा की. ३क्ष + २क्ष = ६०, क्ष = १२.

पण माझं मन खरं उडालं ते छेदात क्ष आल्यावर. ५/(क्ष² − ४) = १/(क्ष − २). क्रॉस मारा, ५क्ष − १० = क्ष² − ४, म्हणजे क्ष² − ५क्ष + ६ = ०, आता बसा अवयव पाडत, आणि उत्तरं येणार दोन, २ आणि ३. त्यातला २ मूळ गणितात घातला की छेद शून्य. म्हणजे साध्या गणिताचं वर्गसमीकरण करून ठेवलं, वर हा बिनबोलावता पाहुणा, आणि पोरं काय, दोन्ही उत्तरं लिहून येतात! तेच (क्ष − २)(क्ष + २) हा लसावि धरून गुणा: ५ = क्ष + २, क्ष = ३. २ कुठं आलाच नाही. अर्थात दरवेळी लसावि वाचवेलच असं नाही, क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) ला त्यानंही २ च येतंय आणि खरं तर उकलच नाही, तेव्हा छेद तपासायचा तो तपासायचाच.

तर एकेकच अपूर्णांक आणि छेदात नुसते आकडे असतील तर क्रॉस मारा खुशाल, मी पण मारतो. बाकी ठिकाणी, मला विचाराल तर, लसावि. त्याचाही एक त्रास आहे बरं का, क्ष/२ − (क्ष − १)/३ = २ ला ६ नं गुणताना कंस राहिला की −२क्ष + २ च्या जागी −२क्ष − २ होऊन बसतंय. भाच्याला सांगून ठेवलंय, अंशात दोन पदं दिसली की पहिला कंस टाक, मगच गुण.