चार पेन्स आणि काळी बॉनेट : लंडनच्या ‘रिपर वॉक’विषयी

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाचीकडे लंडनला राहायला गेले असताना व्हाइटचॅपल भागातला ‘जॅक द रिपर वॉक’, म्हणजे ‘जॅक द रिपर’ या टोपणनावाच्या खुन्याने १८८८ मध्ये केलेल्या खुनांच्या जागा दाखवणारी पायी फेरी, आम्ही दोघींनी केली. असे वॉक घडवून आणणाऱ्या कंपन्या तिथे पुष्कळ आहेत. आम्ही ज्या कंपनीबरोबर गेलो तिचे नाव इथे देत नाही, कारण माझ्या बऱ्याचशा तक्रारी त्या एका कंपनीपुरत्या नसून या सगळ्या धंद्यालाच लागू पडाव्यात अशा आहेत.

तिकीट माणशी १८ पौंड, वेळ संध्याकाळी सातची आणि जमण्याची जागा ऑल्डगेट ईस्ट स्टेशनच्या बाहेर. गटात जास्तीत जास्त २५ माणसे असतील असे तिकिटावर छापले होते, पण मी मोजली ती ३८ भरली. मागे उभ्या राहिलेल्यांना गाइडचे अर्धे बोलणे बसच्या घरघरीत ऐकूच येत नव्हते. गाइड मात्र पाठांतराचा पक्का, आवाजाचा खणखणीत, आणि हातात छोटा प्रोजेक्टर घेऊन भिंतींवर जुनी छायाचित्रे टाकण्यात तरबेज होता.

१८८८ च्या ३१ ऑगस्टपासून ९ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांत, पूर्व लंडनच्या या गल्ल्यांत मेरी अ‍ॅन निकल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली या पाच स्त्रियांचे खून झाले. ते एकाच माणसाने केले असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तो माणूस कधीच सापडला नाही. एवढे सगळे गाइडने तीन मिनिटांत आणि बिनचूक सांगितले.

सर्वांत रंगलेला टप्पा माइटर स्क्वेअरचा. २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी दारूच्या नशेत सापडलेल्या कॅथरिन एडोजला बिशप्सगेट पोलीस ठाण्यात ठेवले होते. रात्री एकच्या सुमारास पोलिसांनी तिला सोडून दिले. गस्तीवरचा शिपाई वॉटकिन्स दीड वाजता चौकातून गेला तेव्हा तिथे काही नव्हते, आणि १ वाजून ४४ मिनिटांनी तो परतला तेव्हा कोपऱ्यात तिचा मृतदेह पडलेला होता. गाइडने घड्याळ हातात धरून ही चौदा मिनिटे अशी उभी केली की ३८ माणसे चिडीचूप झाली. कथन म्हणून हे उत्तमच होते, आणि ते कबूल न करणे अन्यायाचे होईल.

पण त्यानंतर त्याने शवागारातले छायाचित्र समोरच्या कचेरीच्या भिंतीवर टाकले. नेमक्या त्याच वेळी तिथल्या दारातून पाठीला सॅक लावलेला एक कर्मचारी बाहेर पडला. त्या मृत बाईचा चेहरा त्याच्या पांढऱ्या शर्टावरून क्षणभर सरकत गेला, आणि तो रोजच्या सवयीने मान खाली घालून आमच्यातून वाट काढत निघून गेला. मागे आणखी दोन गट आपल्या पाळीची वाट पाहत ताटकळले होते, त्यामुळे मोठ्या देवस्थानात मूर्तीसमोर पोचताच ‘पुढे चला, पुढे चला’ करतात तसे आम्हालाही हलवण्यात आले.

मानसशास्त्राच्या नावाखाली जे सांगितले गेले ते मात्र सर्वांत कच्चे होते. खुनी ‘सायकोपॅथ’ होता, त्याला आईचा तिटकारा होता, तो शस्त्रक्रिया जाणणारा सभ्य गृहस्थ होता, अशी विधाने उंच टोपी आणि झग्यातल्या आकृतीचे चित्र भिंतीवर ठेवून केली गेली. माझी भाची क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते. ती कानाशी येऊन म्हणाली, “मावशी, माणूस समोर नाही, त्याची कागदपत्रे नाहीत, मग गुण द्यायचे कुणाला?” तिचा रोख मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपॅथी मोजण्याच्या चाचणीकडे होता. तीत वीस लक्षणांना प्रत्येकी शून्य ते दोन असे एकूण ४० पैकी गुण दिले जातात, आणि त्यासाठी मुलाखत व नोंदींचा तपास लागतो. ज्याचे नावही ठाऊक नाही त्याचे मन उलगडून दाखवणे म्हणजे रिकाम्या खुर्चीचे व्यक्तिचित्र काढणे होय.

आणि खुर्चीबद्दलच बोलायचे, तर त्या काळचा एक खराखुरा दस्तऐवज उपलब्ध आहे. पोलिसांना मदत करणारे शल्यविशारद थॉमस बॉन्ड यांनी नोव्हेंबर १८८८ मध्ये दिलेला अहवाल हा गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो. त्यात बॉन्ड यांनी खुन्याला शरीररचनेचे ज्ञान, अगदी खाटकाइतकेही, नसावे असे म्हटले आहे. तो बहुधा मध्यमवयीन, नीटनेटक्या कपड्यांतला, शांत आणि निरुपद्रवी दिसणारा माणूस असावा, असेही त्यांनी लिहिले. हा अंदाजही अंदाजच, पण निदान स्वतः मृतदेह तपासलेल्या माणसाचा. गाइडने त्याचा उल्लेखही केला नाही, कारण निरुपद्रवी दिसणाऱ्या माणसाचे छायाचित्र भिंतीवर शोभत नाही.

लोकांना याचे एवढे आकर्षण का, या प्रश्नावर त्याने ‘माणसाला अंधाराची ओढ असते’ असे एक वाक्य टाकले आणि तो पुढे निघाला. खरे उत्तर त्याच्या पायाखालीच होते. हॅनबरी स्ट्रीटच्या २९ नंबरच्या घरामागे अ‍ॅनी चॅपमनचा खून झाला, तेव्हा शेजाऱ्यांनी आपल्या खिडक्यांतून ते अंगण दाखवण्यासाठी पैसे घेतल्याच्या बातम्या त्याच आठवड्यात छापून आल्या होत्या. ‘जॅक द रिपर’ हे नावसुद्धा २५ सप्टेंबर ही तारीख घातलेल्या आणि एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्रातले आहे, आणि ते पत्र कुणा पत्रकाराचाच उद्योग असावा असे पोलिसांना पुढे वाटू लागले. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर वाचायला शिकलेली पिढी, अर्ध्या पेनीचे सांजपत्र आणि रोज नवी बातमी हवी असलेला छापखाना, एवढे साहित्य जमल्यावर खुनी स्वतः हजर असण्याची गरज उरली नाही. आम्ही भरलेले १८ पौंड हे त्या खिडकीच्या भाड्याचेच आजचे मोल.

आमच्या गटात बायका जास्त होत्या, हे मी मुद्दाम पाहिले. अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली यांच्या २०१० मधल्या अभ्यासात पुरुषांपेक्षा स्त्रिया खऱ्या गुन्ह्यांची पुस्तके अधिक निवडतात असे आढळले होते. विशेषतः सुटकेची युक्ती किंवा खुन्याचा हेतू कळण्याची शक्यता जिथे असे, तिथे त्यांचा ओढा वाढे. मला हे पटते. जोशी-अभ्यंकर प्रकरणाच्या दिवसांत, १९७६-७७ च्या हिवाळ्यात, पुण्यात दिवेलागणीलाच आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा बंद होई, आणि आई-काकू त्याच घटना पुन्हापुन्हा बोलत बसत. दार कुणी उघडले, का उघडले, काय म्हणून उघडले, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असे. त्याला कुणी विकृत ओढ म्हटले तर मी भांडेन.

शेवटी गाइडने संशयितांवर हात वर करायला लावले. सर्वाधिक हात राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टरसाठी वर गेले. खुनांच्या महत्त्वाच्या तारखांना तो लंडनबाहेर होता असे गाइडनेच दहा मिनिटांपूर्वी सांगितले होते. मग एका वयस्कर बाईंनी मेरी अ‍ॅन निकल्सविषयी विचारले, कारण तिच्या खुनाची जागा लांब असल्याने ती वाटेतून वगळली होती. तेव्हा कळले की गाइडला सगळे ठाऊक होते. थ्रॉल स्ट्रीटवरच्या निवाऱ्यात पलंगाचे चार पेन्स नव्हते म्हणून तिला त्या रात्री बाहेर काढले, पैसे आत्ता आणते असे ती हसत म्हणाली, आणि काळ्या मखमलीची किनार असलेली आपली बॉनेट, म्हणजे बायकांची टोपी, किती झकास आहे पाहा, असेही तिने जाताना ऐकवले. हे सांगायला त्याला मिनिटभरसुद्धा लागले नाही.

कथन, वाटा आणि तारखा यांसाठी पाचपैकी तीन तारे देते. मानसशास्त्राचा कापलेला एक आणि शवागारातल्या छायाचित्रांचा कापलेला एक. मुलांना नेऊ नये, पायांत चांगले बूट असावेत, आणि शक्य तर सोमवार-मंगळवार धरावा, कारण त्या दिवशी गर्दी कमी असते असे भाची म्हणते.

वॉक टेन बेल्स पबच्या दारात संपला. १९७६ ते १९८८ या काळात या पबनेही खुन्याचेच नाव लावले होते. तिथून आम्ही दोघी ब्रिक लेनकडे जेवायला निघालो, आणि वाटेत थ्रॉल स्ट्रीटवर वळलो. जुना निवारा केव्हाच गेला आहे. विटांची बैठी घरे, एका दाराशी साखळीने बांधलेली लहान मुलाची सायकल, आतून कांदा परतल्याचा वास. “इथे तर कुणीच थांबत नाही,” भाची म्हणाली. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि पुढे गेलो.