ठिपके फोटोत नाहीत, व्ह्यूफाइंडरमध्ये आहेत: डीएसएलआरचा वापरानंतरचा अनुभव

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती परत लिहीत नाही. एन्ट्री लेव्हल डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), त्याच्यासोबत येणारी किट झूम लेन्स आणि सेकंडहँड घेतलेली ५० एमएम लेन्स. फोटो चांगले येतात, बॅटरी दिवस काढते. बोलायचंय ते व्ह्यूफाइंडरबद्दल, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीबद्दल, आणि तिच्यात दिसणाऱ्या ठिपक्यांबद्दल.

पौषात सातारा जिल्ह्यातल्या पालच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो होतो. तारळी नदीच्या काठी भंडारा असा उधळतात, की हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. तिथे लेन्स एकदाही काढली नाही, पण झूम आत-बाहेर होताना हवा ओढतो आणि हवेबरोबर भंडाराही. साताऱ्यात येऊन डोळा लावला तर फ्रेमभर बारीक ठिपके, एक तर मधल्या फोकस पॉइंटला (फोकस कुठे धरायचा ते दाखवणाऱ्या खुणेला) चिकटून. भंडारा पिवळा, पण ठिपके काळे दिसतात, कारण उजेड त्यांच्या मागून येतो.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला दाखवला. काउंटरवरच्या मुलाने डोळाही न लावता सांगितलं, "सर, सेन्सर क्लीनिंग करावं लागेल, अडीच हजार." एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून काढलेला कोऱ्या आकाशाचा फोटो मी त्याच्यासमोर शंभर टक्के झूम करून धरला. एक डाग नाही. सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ असती तर या फोटोत आलीच असती. आणि सेन्सरवरची धूळ व्ह्यूफाइंडरमध्ये दिसूच शकत नाही, कारण आपण पाहत असतो तो आरशावरून फोकसिंग स्क्रीनवर (आरशाच्या वरच्या धुरकट पडद्यावर) पडलेला उजेड. सेन्सर त्या वेळी आरशाच्या आणि शटरच्या मागे झाकलेला असतो. एवढं सांगूनही उत्तर तेच, "पॅकेजमध्ये सगळंच येतं." कॅमेरा उचलला आणि एसटी पकडली. नको त्या कामाचे अडीच हजार मी देणार नाही.

तुमच्याकडे असं झालं तर आधी लेन्स बदलून बघा. ठिपके तिथेच राहिले तर लेन्स निर्दोष. ठिपके रेखीव असतील तर धूळ फोकसिंग स्क्रीनवर आहे. धूसर डाग असेल तर आयपीस, म्हणजे डोळा लावतो ती काच, पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. फोकस पॉइंटच्या खुणाच पुसट दिसत असतील तर धुळीचा संबंध नाही, आयपीसशेजारचं डायऑप्टरचं चाक (नजरेच्या नंबराप्रमाणे जुळवायचं) फिरलेलं असतं. समोरच्या दृश्याकडे न बघता खुणा स्पष्ट होईपर्यंत ते फिरवा. बॅगेत घासून ते सहज सरकतं. माझ्या मेव्हण्याने याच कारणासाठी कॅमेरा विकायला काढला होता.

शेवटी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी लेन्स काढली, बॉडीचं तोंड खाली केलं आणि हाताच्या रबरी ब्लोअरने वारा मारला. बरेचसे कण तिथेच पडले. उरलेले स्क्रीनच्या वरच्या बाजूला होते. चिमट्याने तारेची क्लिप सोडवून त्यांनी स्क्रीन कडेला धरून बाहेर काढली, वारा मारला, परत बसवली. कापड नाही, लिक्विड नाही. स्क्रीन प्लास्टिकची असते, पुसायला गेलात की ओरखडा कायमचा. आरशाचंही तसंच, त्याचा मुलामा वरच्याच पृष्ठभागावर असतो. काकांनी चारशे रुपये घेतले आणि वर चहा पाजला.

यात्रेनंतर कॅमेरा काढून टाकायच्या विचारात होतो. आता तो विचार सोडलाय. उलट खरी उणीव धुळीची नाहीच असं वाटायला लागलंय. या बॉडीचा व्ह्यूफाइंडर फ्रेमचा ९५ टक्केच भाग दाखवतो. लग्नात नवरा-नवरी नीट बसवून घ्यावेत आणि फोटोत कडेला कुणाचं तरी कोपर निघावं, हे फार होतं. प्रत्येक फोटो क्रॉप करायचा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, पूर्ण फ्रेम दिसते, पण बॅटरी भराभर उतरते आणि माझ्या बॉडीत फोकस इतका रेंगाळतो की अक्षता पडून जातात. एवढे पैसे घेताना कंपनीने शंभर टक्के फ्रेम दाखवायला हवी होती.

एक ठिपका अजून आहे, उजव्या कोपऱ्यात. तो काढायला स्क्रीन परत उघडणार नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी मात्र आकाशाकडे धरून डोळा लावून बघावं, आणि ठिपके दिसले तर एफ/१६ चा फोटो मागून मगच भाव करावा.