होम थिएटर: ९८ इंची टीव्ही की प्रोजेक्टर, आणि उरलेला पैसा कुठे घालायचा?

दोन सेटची तुलना एकाच खोलीत बसवून केली, तरच तिला अर्थ असतो. म्हणून इथे एक खोली धरली आहे: १६ फूट लांब, १२ फूट रुंद, स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट. पुणे-नाशिककडच्या मोठ्या फ्लॅटमधली मास्टर बेडरूम साधारण एवढी निघते, आणि थिएटरसाठी बहुतेक वेळा तिचाच बळी जातो.

पर्याय दोन आहेत. पहिला म्हणजे ८३ इंची ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा) किंवा ९८ इंची मिनी-एलईडी (पॅनेलमागे छोटे दिवे असलेला) टीव्ही, त्याखाली संवादांचा आडवा सेंटर स्पीकर आणि एक चांगला एव्ही रिसीव्हर (आवाज स्पीकरना वाटून देणारे आणि वाढवणारे यंत्र). दुसरा म्हणजे फोर-के प्रोजेक्टर, आवाज आरपार जाऊ देणारा पडदा, पडद्यामागे तीन सारखे स्पीकर आणि स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर. दोन्ही उत्तम चालतात आणि दोन्ही वाया गेलेलेही दिसतात.

आधी खुर्ची कुठे, मग पडदा केवढा

बहुतेक जण पडद्याचा आकार आधी ठरवतात आणि सोफा शेवटी मागच्या भिंतीला चिकटवतात. बेसची सगळी माती इथेच होते. १६ फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद, म्हणजे भिंतींमध्ये घुमणारा खालचा सूर, साधारण ३५ हर्ट्झला येतो (ध्वनीचा वेग भागिले दुप्पट लांबी) आणि दुसरा ७० हर्ट्झला. बरोबर मध्यावर, ८ फुटांवर बसलात तर ३५ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही. १२ फुटांवर ७० हर्ट्झचा खड्डा आहे. मागच्या भिंतीला टेकलात तर दोन्ही फुगून कानात घुमतात. या खोलीत समोरच्या भिंतीपासून ११ फूट ही जागा बरी पडते. मागे ५ फूट उरतात, म्हणजे मागचे सराउंड स्पीकरही कानाला चिकटत नाहीत.

आता चित्र. टीव्ही भिंतीला लागतो. आवाज आरपार जाणाऱ्या पडद्यासाठी मात्र मागे स्पीकर ठेवायला दीड फुटाची खोटी भिंत लागते, त्यामुळे पडदा तेवढा पुढे येतो आणि नजरेचे अंतर साडेनऊ फूट उरते.

| | चित्राची रुंदी | खुर्चीवरून दिसणारा कोन |
|---|---|---|
| ८३ इंची टीव्ही | १८४ सेमी | सुमारे ३१ अंश |
| ९८ इंची टीव्ही | २१७ सेमी | सुमारे ३६ अंश |
| ११० इंची पडदा | २४४ सेमी | सुमारे ४६ अंश |

३० अंश ही किमान पातळी धरतात आणि ४०च्या आसपास थिएटरचा अनुभव सुरू होतो. सगळीकडे १२० इंचांचा आग्रह धरला जातो, पण इथे तो ४९ अंशांवर जातो आणि क्रिकेटचा स्कोअर वाचायला मान हलवावी लागते. या खोलीचा पडदा ११० इंचांचाच.

आणखी एक हिशोब: ११० इंची पडद्याचे क्षेत्रफळ ९८ इंची टीव्हीपेक्षा फक्त सव्वापट आहे. ८३ इंचीशी तुलना केली तर पावणेदोनपट. त्यामुळे ९८ इंची टीव्ही दारातून आत येत असेल, तर केवळ आकारासाठी प्रोजेक्टर घेण्यात फारसा दम नाही. ‘दारातून’ हे शब्दशः घ्या. एवढ्या टीव्हीचे खोके लांबीला सव्वादोन मीटरच्या पुढे जाते, पॅनेल उभेच न्यावे लागते, आडवे केले की तडकण्याचा धोका असतो. सोसायटीच्या नेहमीच्या लिफ्टमध्ये ते मावत नाही. जिन्याचे वळण आणि मुख्य दाराची उंची मोजल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

उजेड

प्रोजेक्टरचा हिशोब सरळ आहे: ल्युमेन्स गुणिले पडद्याचा गेन (तो किती प्रकाश परत फेकतो), भागिले पडद्याचे चौरस फूट. सोनीचा व्हीपीएल-एक्सडब्ल्यू५०००ईएस कागदावर २००० ल्युमेन्स देतो. रंग नीट जुळवल्यावर १६०० धरा. विणलेल्या पडद्याचा गेन ०.९ आणि ११० इंचांचे ३६ चौरस फूट, म्हणजे ४० फूट-लॅम्बर्ट, अर्थात सुमारे १३७ निट्स (दोन्ही उजेडाची मापे). डिजिटल सिनेमागृहाचे मानक ४८ निट्स आहे, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत हे भरपूर. पण चांगला ओलेड छोट्या भागावर हजार निट्सच्या पुढे जातो. एचडीआर चित्रातली (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या) वीज, दिवे, पाण्यावरची चमक यांत प्रोजेक्टर टीव्हीला गाठू शकत नाही, मग कितीही लाख ओता.

खोली खरोखर काळोखी होते का, यावर सगळे ठरते. पांढरे छत आणि पांढऱ्या भिंती असतील तर पडद्याचाच प्रकाश उलटून पडद्यावर पडतो आणि काळा राखाडी होतो. निदान पडद्यापासूनचे पहिले ४-५ फूट, छतासकट, गडद आणि बिनचमकीच्या रंगाने रंगवायला घरचे तयार नसतील, तर टीव्ही घ्या आणि विषय संपवा. आयपीएल दिवे लावून, चहाचे कप हातात घेऊन बघणाऱ्या घरातही टीव्हीच. गेमिंगसाठी फोर-के १२० हर्ट्झ हवे असेल तरीही टीव्हीच.

टीव्हीतही निवड आहे. ओलेडचा काळा खरा काळा, पण पूर्ण पडदा उजळ झाला की तो स्वतःच प्रकाश कमी करतो आणि बातम्यांची पट्टी रोज तासन्‌तास चालू राहिली तर डाग राहू शकतो. मिनी-एलईडी उन्हातही तळपतो, मात्र काळ्या पार्श्वभूमीवरच्या सबटायटलभोवती धूसर वलय दिसते. रात्रीच सिनेमे बघत असाल तर ८३ इंची ओलेड, दिवसाचे घर असेल तर ९८ इंची मिनी-एलईडी.

प्रोजेक्टरमध्ये सोनीच्या वरील मॉडेलची लेन्स हाताने फिरवायची आहे. आपले बहुतेक मोठे सिनेमे २.३९:१ या रुंद आकारात असतात. त्यासाठी रुंद पडदा लावणार असाल तर झूम लक्षात ठेवणारी मोटरची लेन्स हवी, ती एप्सनच्या एलएस१२०००मध्ये आहे (२७०० ल्युमेन्स, पण फोर-के पिक्सेल सरकवून मिळवलेले). काळ्या रंगासाठी जेव्हीसीला तोड नाही: एनझेड७००चा मूळ काँट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण) ८०,०००:१. गडद रंगवलेल्या खोलीत हाच घ्यावा, पांढऱ्या खोलीत त्याचे पैसे फुकट.

अंतरही मोजा. सोनीचा किमान थ्रो (लेन्सचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.३८, म्हणजे २४४ सेमी रुंदीला लेन्स पडद्यापासून ११ फूट. खोट्या भिंतीचा दीड फूट धरला तर लेन्स साडेबारा फुटांवर आणि यंत्राची पाठ १४ फुटांवर. मागे गरम हवेला जागा उरते. छतातून उतरलेला आरसीसी बीम मध्ये येतो का, हे इंटिरियरवाल्याच्या ड्रॉइंगवर भरवसा न ठेवता टेप लावून बघा.

किमतीच्या तुलनेत कराने काही फरक पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्ही २८ वरून १८ टक्के जीएसटीत आले. फरक पडतो तो बिलाने. बाहेरून आणलेला स्वस्त प्रोजेक्टर इथल्या वॉरंटीत बसत नाही.

आवाज: वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा

दुसऱ्या पर्यायाची खरी जमेची बाजू चित्रापेक्षा आवाजात आहे. पडद्यामागे डावा, मधला, उजवा असे तिन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे, एकाच उंचीवर, उभे. संवाद तोंडातूनच येतात. टीव्हीखाली सेंटर आडवा ठेवावा लागतो. दोन वूफरच्या (खालच्या सुरांच्या) मध्ये एक ट्वीटर (वरच्या सुरांचा) अशा साध्या आडव्या सेंटरमध्ये बाजूच्या खुर्च्यांवर मधल्या पट्टीत खड्डा पडतो आणि ‘काय म्हणाला?’ सुरू होते. टीव्ही घेणार असाल तर सेंटर थ्री-वे घ्या, म्हणजे ज्यात ट्वीटरच्या खाली किंवा वर मधल्या सुरांचा छोटा मिडरेंज असतो, आणि तो कानाकडे वर कलता ठेवा.

आता ताकदीचा हिशोब. सिनेमागृहासाठी ठरलेल्या रेफरन्स पातळीला मुख्य चॅनेलची शिखरे १०५ डीबीची असतात. खुर्ची ११ फुटांवर, म्हणजे एक मीटरच्या तुलनेत साडेदहा डीबीची घट. केईएफ आर३ मेटा या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एक वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८७ डीबी. १०५ गाठायला २८.५ डीबी वाढवावे लागतात, म्हणजे सुमारे ७०० वॅट. ९५ डीबीचा हॉर्न स्पीकर तेच काम ११२ वॅटमध्ये करतो. खोलीच्या परावर्तनाने थोडी मदत होते आणि घरात बहुतेक जण रेफरन्सच्या १० डीबी खालीच ऐकतात. तिथे हेच आकडे ७० आणि ११ वॅटवर येतात. पण प्रमाण तेच राहते. शंभराचे दोनशे वॅट केले तर पदरात पडतात फक्त ३ डीबी. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी खोलीत मोजून छापतात, तो आकडा ३-४ डीबी चढा असतो, तेवढा वजा करून तुलना करा.

म्हणून रिसीव्हर की सेपरेट्स (वेगळा प्रोसेसर आणि वेगळा ॲम्प), हा वाद स्पीकर ठरल्यावरच करावा. डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एच हा रिसीव्हर ११.४ चॅनेलचे प्रोसेसिंग करतो, चार सबवूफर (फक्त खालचे सूर देणारे स्पीकर) वेगवेगळे सांभाळतो आणि पैसे भरून डिरॅक लाइव्ह (खोलीनुसार आवाज जुळवणारे सॉफ्टवेअर) घेता येते. त्याचे १०५ वॅट दोनच चॅनेल चालू असतानाचे आहेत. आतले नऊही ॲम्प एकदम ओढले की प्रत्येकाला बरेच कमी मिळतात. ९५ डीबीच्या स्पीकरना तेवढे पुरतात. ८७ डीबी आणि चार ओहमचे स्पीकर असतील तर समोरच्या तिघांसाठी तीन चॅनेलचा वेगळा पॉवर ॲम्प जोडा, बाकीचे रिसीव्हरवर राहू द्या. आमच्या मते या आकाराच्या खोलीत हीच वाट शहाणपणाची. ट्रिनॉव्ह अल्टिट्यूड १६सारखा प्रोसेसर उत्कृष्ट आहे, पण खोली न सुधारता तो घेणे म्हणजे गळक्या छताखाली इटालियन मार्बल घालणे.

सबवूफरमध्ये एक मोठा की दोन मध्यम, याला उत्तर एकच: दोन. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. हार्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टींनी २००२ मध्ये अशा मांडण्यांची तपशीलवार तुलना केली होती. दोन सब एकमेकांसमोर आले की लांबीचा पहिला अनुनाद आपोआप दबतो, आणि रुंदीच्या मध्यावर असल्याने १२ फुटांचा ४७ हर्ट्झवालाही चेतत नाही. त्यामुळे सोफ्यावरच्या तिन्ही जागांना सारखा बेस मिळतो. एकच पंधरा इंची सब कोपऱ्यात ठेवला तर एका जागेवर धडधड आणि शेजारच्या जागेवर शुकशुकाट.

सीलबंद सब खाली हळू उतरतो (१२ डीबी प्रति सप्तक), पोर्टचा (हवेला भोक ठेवलेला) सब ठरावीक वारंवारतेपर्यंत जास्त जोर देतो आणि मग एकदम गळतो (२४ डीबी). बंद, लहान खोलीत खोलीच खालच्या सुरांना उचलते, म्हणून इथे दोन सीलबंद बारा इंची ठीक. हॉलला जोडलेली उघडी जागा असेल तर पोर्टवाले.

डॉल्बी ॲटमॉसमध्ये आवाज वरूनही येतो, त्यासाठी छतात चार स्पीकर लावा. फॉल्स सिलिंगनंतर ९ फूट उरले आणि कान ३ फुटांवर असला, तर पुढची जोडी खुर्चीच्या ६ फूट पुढे आणि मागची साडेचार फूट मागे. कोन अनुक्रमे ४५ आणि ५३ अंश, दोन्ही डॉल्बीच्या मर्यादेत. छताकडे तोंड केलेले ॲटमॉस स्पीकर पीओपीच्या कोनाड्यांत आणि झुंबरात हरवतात. भाड्याचे घर असेल तरच ते.

खोली

फोमचे अंड्याच्या ट्रेसारखे तुकडे लावून आवाज शेजारी जाणे थांबत नाही. ३५ हर्ट्झ विटांच्या भिंतीतून आणि स्लॅबमधून आरामात जातो. त्याला वजन आणि तुटक रचना लागते, जी फ्लॅटमध्ये पुरेशी करता येत नाही. सबखाली रबरी पॅड घातला तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारी नाही. रात्री दहानंतर सबची पातळी उतरवणे हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एकमेव खात्रीचा उपाय.

आतल्या आवाजासाठी ५० मिमी जाडीचे, ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे रॉकवूलचे ४ बाय २ फुटांचे ६ ते ८ पॅनेल पुरतात. भिंतीवर आरसा सरकवत जा. खुर्चीवरून जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. मागे ५० मिमी फट सोडली तर ते आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतात. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीवर ही फट हवीच, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कापडावर बुरशी चढते. सगळ्या भिंतींना पातळ मखमल लावणाऱ्यांपासून सावध राहा. त्यात वरचे सूर मरतात आणि घुमणारा बेस तसाच राहतो.

पीओपी बंद होण्याआधी

प्रोजेक्टरपर्यंत १०-१२ मीटर वायर जाते. एवढ्या लांबीला तांब्याची एचडीएमआय दगा देते, पडदा मधूनच काळा होतो. फायबरची घ्या. तिला दिशा असते, ‘सोर्स’ लिहिलेले टोक रिसीव्हरकडे. काँड्युइट (वायरचा पाइप) ४० मिमीचा टाकायला सांगा. वायरमन सवयीने २५ मिमीचा टाकतो आणि त्यातून प्लगचे डोके जात नाही. आत ओढायची दोरी कायमची ठेवा, कोपऱ्यावर काटकोनाऐवजी मोठा बाक द्या. स्पीकरला २.५ चौरस मिमी शुद्ध तांबे. टोक खरवडून आत चांदीसारखे दिसले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, परत करा. मागच्या सबसाठी वेगळी वायर आणि जवळ प्लग पॉइंट लागतो, तो नेमका सगळे विसरतात. सुताराने छत बंद करण्याआधी प्रत्येक वायरवर खरोखर फोर-के एचडीआर चालवून आणि प्रत्येक स्पीकरला टेस्ट टोन देऊन बघा.