जुन्या जिनिंगच्या आवारातलं घर: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

तालुक्याच्या गावातली बंद पडलेली जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना), तिच्या आवारात पाडलेला मंजूर लेआउट आणि त्यातल्या प्लॉटवर लेआउटवाल्यानेच बांधून दिलेलं तळमजल्याचं घर. पूर्ण पावसाळा, हिवाळा आणि मे महिन्याचा तडाखा पाहून त्याबद्दल लिहितो आहोत. रंग ताजा असताना सगळीच घरं चांगली दिसतात. काळ्या मातीवरच्या घराचं खरं काय ते पाऊस आणि उन्हाळा पाठोपाठ गेल्यावर कळतं. जागेला आम्ही पाचपैकी चार गुण देतो, बांधकामाला साडेतीन आणि जमीन तयार करण्याच्या कामाला दोन. लेआउटवाल्याचं नाव मुद्दाम टाळलं आहे, कारण हे दोष विदर्भात अशा कोणत्याही आवारात निघू शकतात.

जागेला चार गुण का, ते थोडक्यात. मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि वऱ्हाडातल्या कापसाच्या जिनिंगा स्टेशन आणि बाजारपेठेच्या आसपास उभ्या राहिल्या. पुढे १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीच्या (कापूस फक्त राज्य सरकारनेच घ्यायचा) काळात त्या भरभरून चालल्या. २००० मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, नव्या यंत्रांच्या जिनिंगा गावाबाहेर रस्त्याला लागून झाल्या आणि गावातली जुनी आवारं ओस पडली. त्यामुळे अशा लेआउटमधून बस स्टँड, शाळा, दवाखाना सगळं पायी जाण्याच्या अंतरावर असतं. गावाबाहेर सुपीक वावरं तोडून प्लॉट पाडण्यापेक्षा ही आवारं वस्तीत येणं शंभर पटीने चांगलं, असं आमचं ठाम मत आहे. म्हणूनच ते काम नीट व्हावं ही कळकळ.

अशा जागेच्या अडचणींचा सगळ्यात मोठा अनुभव आहे तो बंद पडलेल्या हवाई तळांवर घरं बांधणाऱ्यांकडे. आपल्याकडे विदर्भात सोनेगाव, बिरसी, शिवणी, बेलोरा इथल्या धावपट्ट्या धावपट्ट्याच राहिल्या. पण अमेरिकेत डेन्व्हरजवळचा लोरी तळ १९९४ मध्ये बंद झाला आणि तिथे मोठी वसाहत झाली. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ ओकिंग्टनच्या तळावर नॉर्थस्टो हे नवं गाव वसतं आहे. लोरीत २००३ मध्ये घरांच्या प्लॉटच्या मातीत ॲस्बेस्टॉसचे तुकडे सापडले; त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुफ्फुसांना घातक. तळाच्या जुन्या इमारती पाडल्यावर मलबा पूर्ण उचलला नव्हता, तो मातीत मिसळून राहिला होता. विमानतळ असो की जिनिंग, गडबड इथेच होते. इमारत पाडायला दोन दिवस लागतात, मलबा नेण्याचे पैसे वाचवायचे म्हणून तो तिथल्याच खड्ड्यात जातो आणि वरून मुरूम पसरला की जमीन सपाट दिसते.

जिनिंगच्या आवारात खड्डे कुठे असतात, हे बांधणाऱ्याला माहीत हवं. जिन हाउसच्या खाली शाफ्टची (यंत्रं फिरवणाऱ्या लांब दांड्याची) लांब गल्ली असते, माणूस उभा राहील एवढी खोल, दोन्ही बाजूंनी विटांची भिंत घातलेली. प्रेसखालचा खड्डा त्याहून खोल. इंजिनचा पाया म्हणजे अखंड काँक्रीटचा ठोकळा. वजनकाट्याचा खड्डा फाटकाजवळ. आग विझवायच्या पाण्याचा हौद, विहीर आणि कुठेतरी काडीकचरा टाकायची जागा. कापूस उतरवायचे ओटे म्हणजे बोल्डर सोलिंगवर (मोठ्या दगडांच्या थरावर) ओतलेलं काँक्रीट, कित्येक ठिकाणी अर्ध्या आवारभर पसरलेलं. सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर यातलं काहीच दिसत नाही. जुना फॅक्टरीचा नकाशा, विम्याची किंवा बँकेची तारण कागदपत्रं, उपग्रहाच्या जुन्या प्रतिमा आणि तिथे काम केलेले म्हातारे मिस्त्री आणि हमाल, यांच्याकडून ते मिळतं. तो नकाशा लेआउटच्या मंजूर नकाशावर ट्रेसिंग पेपरने बसवला की कोणत्या प्लॉटखाली काय आहे ते अर्ध्या तासात कळतं. घर घेण्याआधी करायचं पहिलं काम हेच.

दुसरं काम जेसीबीचं. प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आणि मध्ये असे तीन खड्डे, निदान दोन मीटर खोल. जेसीबीच्या दोन-तीन तासांच्या भाड्यात काम होतं. खड्ड्याच्या बाजूंना विटांचे तुकडे, राख, पत्र्याचा चुरा, काळपट रुई किंवा सरकीची टरफलं दिसली, की तो भराव समजायचा आणि खाली मूळ जमीन लागेपर्यंत खोल जायचं. रुईचा कचरा सगळ्यात वाईट. तो सडतो आणि बसतो, त्यात उधळी (वाळवी) लागते आणि ती चौकटीपर्यंत चढते. असा भराव पूर्ण काढूनच टाकावा लागतो, वर कितीही मुरूम दाबला तरी उपयोग नाही. भराव काढल्यावर मुरूम २० ते २५ सेंटीमीटरच्या थरात टाकून, पाणी मारून, रोलरने दाबत वर यायचं. खड्डा अरुंद असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर. मुरमाचा अख्खा टिप्पर खड्ड्यात ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा थर दाबला जातो. आमच्या रांगेतल्या घरांना नेमकं हेच भोवलं आहे. उधळीसाठी पायाच्या खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना दर चौरस मीटरला ५ लिटर औषध लागतं. बादलीभर शिंपडून निभत नाही.

आता घराबद्दल. लेआउटवाल्याने पाया अंडर-रीम पाइलचा (जमिनीत खोल ओतलेले, खाली बल्बसारखे फुगीर काँक्रीटचे खांब) दिला आहे, आणि काळ्या मातीत तो योग्यच. अशा मातीच्या खोल थरात पाइल निदान साडेतीन मीटर खाली जायला हवा आणि खालचा बल्ब पाइलच्या व्यासाच्या साधारण अडीच पट हवा. पाइल बांधायच्या आधी बल्बच्या जागी बकेट (भोक खाली रुंद करायचं अवजार) किती उघडते ते मोजून घ्यावं. माती कडक असेल तर बकेट अर्धवट उघडते आणि बल्ब फक्त कागदावर राहतो. प्लिंथ बीम (पाइलवर टेकलेला, भिंतीखालचा आडवा बीम) आणि जमीन यांच्यात ८ सेंटीमीटरची पोकळी लागते, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून धक्का बसत नाही. आमच्या रांगेत काही घरांत ही पोकळी सेंट्रिंगच्या फळ्या आणि मलबा अडकून भरून गेली होती. बीमच्या बाजूने लांब सळई घालून हे तपासता येतं. अडकलं तर उकरून काढायचं.

भिंतीला भेग पडली की लोक लगेच पुट्टी मारतात. आधी भेग कशाची आहे ते ओळखायला हवं. माती फुगण्या-आकसण्याची भेग उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात मिटत येते. भराव बसल्याची भेग एकाच दिशेने वाढत जाते, ऋतू कोणताही असो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी खाली जाणारी आणि वर रुंद, खाली बारीक होणारी भेग बहुधा घराचा तो कोपरा खाली जातोय असं सांगते. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची, शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर हालचाल चालू आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करून महिन्यातून एकदा मोजायचं. एक पूर्ण वर्ष झाल्याशिवाय पक्की दुरुस्ती करू नये, नाही तर पैसे पाण्यात जातात. आमच्या पूर्वेच्या कोपऱ्यातली भेग दुसऱ्या प्रकारची निघाली. तिथून वजनकाट्याचा खड्डा जातो.

उन्हाळ्यातली एक गोष्ट विदर्भाबाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही, ती कुलरची. एप्रिल-मेमध्ये घराभोवतीची माती कोरडी होऊन आकसलेली असते आणि कुलरच्या टाकीतून सांडलेलं पाणी रोज एकाच खिडकीखाली झिरपत राहतं. तेवढाच भाग फुगतो आणि त्या भिंतीला भेग जाते. कुलरचं पाणी पाइपने बाहेर नालीत काढावं. घराभोवती दीड ते दोन मीटर रुंद सिमेंटची पट्टी हवी, खाली मुरूम, उतार बाहेरच्या बाजूला आणि भिंतीशी सांध्यात डांबर. आम्हाला मिळालेली पट्टी दोन फुटी आहे, ती अपुरी पडते. भिंतीला खेटून कडुनिंब लावू नये. आवारातले जुने कडुनिंब मात्र तोडू नयेत, ते खुल्या जागेत शोभतात आणि सावली देतात.

सांडपाण्याने सगळ्यात जास्त त्रास दिला. प्रत्येक घराला शोषखड्डा दिला आहे, पण जमिनीखाली दोन-तीन फुटांवर जुना ओटा तसाच पडलेला. वरून पाणी सोडलं की ते ओट्यावर साचतं आणि ऑगस्टमध्ये खड्डा तुडुंब भरून अंगणात वास येतो. झाडंही त्याच जागी पिवळी पडतात. धावपट्टीच्या जागेवरही हेच होतं, म्हणून तिथे काँक्रीट उचलून क्रशरमध्ये भरडतात आणि रस्त्याच्या थरात वापरतात. आपल्याकडेही ओटे ब्रेकरने फोडून ती गिट्टी रस्त्याला वापरता आली असती. शोषखड्डा खणण्याआधी पाझर चाचणी करा. नियोजित खोलीवर एक फुटी चौकोनी खड्डा घ्या, तळाला थोडी रेती टाका, रात्रभर पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी १५ सेंटीमीटर पाणी घाला आणि अडीच सेंटीमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. तीस मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शोषखड्डा चालणार नाही. निव्वळ काळ्या मातीत तो बहुधा चालतच नाही. अशा ठिकाणी नालीच पाहिजे, आणि तिला गावच्या नाल्यापर्यंत उतार आहे की नाही हे लेव्हल लावून बघितलं पाहिजे. जुनी कंपाउंड भिंत पाणी अडवते, तिच्या पायथ्याला मोऱ्या ठेवल्या आहेत का तेही बघा. घराची प्लिंथ रस्त्याच्या मध्यापासून निदान दोन फूट वर ठेवा, कारण रस्ता दर काही वर्षांनी थरावर थर चढून उंच होत जातो.

इंजिन आणि प्रेसच्या जागी तेल मुरलेलं असतं. त्या मातीचं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. वर इंद्रधनुषी तवंग आला तर ती माती उचलावीच लागेल, स्वच्छ माती लागेपर्यंत आणि त्याखाली आणखी एक-दोन फूट. तेलकट मातीतून प्लॅस्टिकची पाण्याची पाइपलाइन नेऊ नका. पेट्रोल-डिझेलसारखे पदार्थ प्लॅस्टिकमधून पाण्यात शिरतात. तिथे पाइप वळवा किंवा लोखंडी टाका. अमेरिकेत मिशिगनमधल्या वर्टस्मिथ हवाई तळावर आग विझवायच्या फेसातली रसायनं भूजलात उतरली, तीही मातीतूनच. जिनिंगच्या हौदात सहसा साधं पाणी असतं, ती भीती इथे नाही, पण जुन्या विहिरीत काय काय टाकलंय हे गाळ काढल्याशिवाय सांगता येत नाही. विहीर आणि बोअरचं पाणी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या. विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम, फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटर या सुयोग्य मर्यादा; नायट्रेट ४५ च्या आत. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात क्षार, हे दोन आकडे आधी बघा.

जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे फोडून भरावात टाकले असतील तर लोरीचीच गोष्ट इथे होते. पत्रे उतरवताना ओले करायचे, अख्खे काढायचे, कापायचे नाहीत आणि आवाराबाहेर अधिकृत ठिकाणी पाठवायचे. आमच्या लेआउटमध्ये खुल्या जागेच्या मातीत तुकडे दिसतात, मुलं तिथेच खेळतात, ती माती उचलून घ्यायची मागणी रहिवाशांनी लेखी दिली आहे.

वीज ठीक. मे महिन्यात संध्याकाळी सगळे कुलर लागले की व्होल्टेज पडतं. ट्रान्सफॉर्मर वाढवून घेणं हे लेआउट पूर्ण होण्याआधीच सोपं असतं.

कागदांबद्दल. एनए (बिगरशेती) आदेश, मोजणीची क-प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा), महारेरा नोंदणी आणि भोगवटदार वर्ग १ की २ (जमीन मोकळेपणी विकता येणारी की सरकारी परवानगी लागणारी) हे नेहमीचं झालंच. एक एकर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा मंजूर नकाशावर दिसली पाहिजे आणि जागेवरही. बांधून दिलेल्या घरात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेचा किंवा कामाचा दोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बिल्डरने तीस दिवसांत तो पदरच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. भेगांच्या तारखांचे फोटो तिथे कामी येतात. जुन्या वापरासाठी मात्र हे पुरत नाही. अमेरिकेत केंद्र सरकार असा तळ हस्तांतरित करतं तेव्हा तिथे कोणते घातक पदार्थ साठवले किंवा सांडले याची नोंद खरेदीखतात येते आणि पुढे जुन्या वापरामुळे आणखी सफाई लागली तर ती सरकार करेल, असं लिहून दिलं जातं. आपल्या खरेदीखतातही असंच कलम घालून घ्या: आवारातले खड्डे, हौद, विहीर, ओटे आणि तेलाची जागा दाखवणारा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडायचा आणि त्यांतून निघालेल्या दोषाची भरपाई विकणाऱ्याने करायची. साठेखताच्या टप्प्यावर वकिलाने हे टाकलं तर बहुतेक लेआउटवाले मान्य करतात. पूर्ण पैसे दिल्यावर कुणीच करत नाही.