चार मिनिटं पुढचं घड्याळ

माझे ५ लाख ४० हजार रुपये ज्या माणसानं नेले, तो म्हणायचा की मी यानात बसून काळाच्या चार मिनिटं पुढं जाऊन आलोय. हसा खुशाल. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसलो असतो आणि म्हणालो असतो, काय बे, एवढं कसं कळलं नाही तुला? म्हणून कसं कळलं नाही, तेच सांगतो.

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे आठ माग आहेत. टॉवेल काढतो. दिवाळीनंतर माल पडून होता, सुताचं बिल थकलं होतं, आणि दोन जुने माग भंगारात काढून एक चांगला रॅपियर माग घ्यायचं डोक्यात होतं. नेमका त्याच दिवसांत आमचा सूत दलाल कारखान्यावर आला. पंधरा वर्षांची ओळख, आजवर एका रुपयाचा घोळ नाही. मागांच्या आवाजात बोलता येईना म्हणून मला बाहेर लिंबाखाली नेलं आणि हळूच म्हणाला, "मालक, एक आरपी आलंय."

आरपी म्हणजे राइस पुलर. तांब्याचं जुनं भांडं किंवा नाणं. त्यावर म्हणे कधीकाळी वीज पडलेली असते, त्यामुळं त्यात इरिडियम नावाचा धातू तयार होतो आणि ते तांदळाचे दाणे स्वतःकडं ओढतं. इस्रो किंवा नासा ते कोट्यवधी रुपयांना घेते, कारण यानाला लागतं. आपण फक्त तपासणीचा खर्च करायचा आणि सौदा झाला की वाटा घ्यायचा. ही फसवणूक देशभर वर्षानुवर्षं चालू आहे. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी याच धंद्यातल्या एका बाप-लेकाला पकडलं, त्यांनी एकाला १ कोटी ४३ लाखांना बुडवलं होतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा फोनवर दोन मिनिटं शोधलं असतं तरी सापडलं असतं. शोधलं नाही. शोधलं तर खोटं निघेल, हे आत कुठंतरी कळत असावं.

चार दिवसांनी दलाल एका "साहेबांना" घेऊन घरी आला. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा फिकट शर्ट, आवाज एकदम खालच्या पट्टीत. बरोबर नाण्याचा "मालक" म्हणून अक्कलकोट तालुक्यातला एक शेतकरी, जो पूर्ण वेळ मान खाली घालून बसला होता. साहेबांनी चहा नाकारला, पाणी नाकारलं. पैशाचा तर विषयच काढला नाही. उलट माझ्या मागांबद्दल विचारत बसले. जेकार्डचं कार्ड कसं छेदतात, टॉवेलचा लूप कसा उभा राहतो, रोज किती बीम लागतात. एवढ्या आस्थेनं माझ्या धंद्याबद्दल माझ्या सख्ख्या भावानंही कधी विचारलेलं नाही. मला वाटलं, माणूस अभ्यासू आहे. खरं तर तो माझी ऐपत मोजत होता.

मग नाणं निघालं. लाल फडक्यात गुंडाळलेलं. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. साहेब म्हणाले, "१८१८ सोलापूरकरांना सांगायला नको." खरंच नको. त्या वर्षी मे महिन्यात जनरल मन्रोनं आपला भुईकोट किल्ला घेतला, हे शाळेत असताना सहलीला गेलो तेव्हा गुरुजींनी सांगितलेलं. त्या लढाईत दारूगोळ्याशेजारी ठेवलेल्या खजिन्यावर वीज पडली, त्यातलं हे नाणं, अशी त्यांची गोष्ट. वर्ष खरं, लढाई खरी. त्यामुळं वीजही खरी वाटली.

साहेबांनी स्वतःच्या पिशवीतले तांदूळ ताटलीत टाकले, नाणं जवळ नेलं, आणि दाणे सरकले. आठ-दहा दाणे टणाटण उडून नाण्याला चिकटले. माझ्या अंगावर काटा आला. आपल्या घरातले तांदूळ घ्या, असं म्हणायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी म्हणालो नसतो. पाहुण्याचा अपमान झाला असता ना.

जाताना त्यांनी मनगट पुढं केलं. माझ्या मोबाइलवर सात वाजून दहा मिनिटं, त्यांच्या घड्याळात सात चौदा. "हा फरक मी मुद्दाम ठेवलाय," म्हणाले, "चाचणी उड्डाणातून उतरल्यापासून घड्याळ मिळवलेलं नाही." मग त्यांनी आइन्स्टाइन सांगितला. वेगानं जाणाऱ्याचा काळ वेगळा चालतो, स्कॉट केली ३४० दिवस अंतराळात राहिला आणि त्याचा जुळा भाऊ जमिनीवर, तरी दोघांचं वय एकसारखं वाढलं नाही, आपल्या मोबाइलमधल्या जीपीएसलासुद्धा हा हिशेब करावा लागतो. पुढचं यान माणसाला चार मिनिटं नाही, चाळीस वर्षं पुढं नेणार आहे, आणि त्याच्या इंजिनाला असलं इरिडियम हवं. "हे बाहेर बोलायचं नाही." मी रात्री जागून जीपीएसचं शोधलं. खरं निघालं! बघा, आरपी शोधलं नाही, जीपीएस शोधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "अरे, त्या तांदळाला गंज चढलाय." खाली सांडलेले दाणे अन्नाला पाय लागायला नको म्हणून तिनं गोळा केले होते आणि चिमण्यांना घालायला वाटीत भिजत ठेवले होते. वाटीच्या बुडाला तांबूस डाग. मी साहेबांना फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "रेडिएशन. ते तांदूळ जमिनीत पुरा, आणि आईंना हात धुवायला सांगा." मी आईला साबणानं तीन वेळा हात धुवायला लावले. तांदळाला गोंदानं लोखंडाची पूड लावलेली असते आणि ती पाण्यात गंजते, एवढी साधी गोष्ट ७४ वर्षांच्या बाईनं वाटीत दाखवली होती. मी अंगणात खड्डा खणला.

पैसे कसे गेले, ते लांबवत नाही. नोंदणीचे ५१ हजार. रेडिएशनचे चंदेरी सूट आणि केमिकल यांचे १ लाख ८० हजार. "प्रयोगशाळेची फी" २ लाख २५ हजार, त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. तुळजापूर रोडच्या एका शेतात तपासणी ठरली, दोन माणसं अंतराळवीरासारखे सूट घालून आली, आणि ऐन वेळी "आकाशात ढग आहेत, रीडिंग मिळणार नाही" म्हणून परत गेली. पुढच्या वेळी नाण्याच्या मालकाच्या घरात सुतक निघालं. त्यानंतर सूटची मुदत संपली, नव्या सूटचे ८४ हजार. दर वेळी वाटायचं, आता थांबलो तर आधीचे बुडतील.

मग आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची, गड्ड्याची यात्रा आली. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या अक्षता झाल्या. माझ्या मुठीत तांदूळ होते आणि खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात नाण्यासाठी नवस बोलत होतो. दोन दिवसांनी पोरांना घेऊन होम मैदानावर गेलो. पाळणे, मौत का कुआँ, भाग्यश्री वडा, सगळं झालं, आणि बाहेर पडताना एका सतरंजीवर जुन्या वस्तू मांडलेल्या दिसल्या. अडकित्ते, पितळी कुलपं, आणि एका डब्यात नाणी. मारुती. ईस्ट इंडिया कंपनी. १८१८. तीस-चाळीस तरी असतील. "कसं दिलं?" विचारलं. म्हणाला, "पन्नासला एक, दोन घेतली तर ऐंशी."

मी एक घेतलं. गल्लीतल्या एका काकांना नाण्यांचा नाद आहे, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, कंपनी सरकारनं मारुतीचा असला अर्धा आणा कधी पाडलाच नाही, हे यात्रेत विकायचे बिल्ले. कंपनीची सगळ्या मुलखात एकसारखी नाणी सुरू झाली १८३५ पासून, आणि तेव्हाच्या खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं चिन्ह असतं, मारुती नसतो. कपाटातून काढून दाखवलासुद्धा.

तरी माझा जीव घड्याळात अडकलेला. म्हटलं, नाणं त्या शेतकऱ्यानं खोटं आणलं असेल, साहेबांनाही फसवलं असेल, पण माणूस यानात तर गेला होता! भाचा विद्यापीठात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करतो. त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून गप्प झाला आणि वही ओढली.

"मामा, अंतराळ स्थानकात सहा महिने राहून आलेल्याचं घड्याळ आपल्यापेक्षा मागं पडतं. पुढं जात नाही. आणि मागं किती, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट. यांचं पुढं कसं?" मी म्हणालो, जीपीएसचं पुढं जातं, मी वाचलंय. "जातं. ते उपग्रह २० हजार किलोमीटरवर आहेत, तिथं गुरुत्वाकर्षण कमी पडतं. दिवसाला ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ३८ पट, पुढं. आता चार मिनिटांचे सेकंद किती? २४०. भागा." त्यानंच भागलं. साहेबांचं घड्याळ चार मिनिटं पुढं जायला त्यांना त्या उंचीवर १७ हजार वर्षांहून जास्त घिरट्या घालाव्या लागल्या असत्या.

माझा बराच वेळ आवाज फुटला नाही. त्या माणसानं सांगितलेला विज्ञानाचा एकेक तुकडा खरा होता. फक्त आकडा सांगितला नव्हता, आणि आयुष्यभर सुताचे काउंट नि मीटर मोजणाऱ्या मला तो विचारावासा वाटला नव्हता. भाच्यानं पुढचंही सांगितलं. तांबं, इरिडियम, तांदूळ, तिघांनाही चुंबक ओढत नाही. इरिडियम तांब्याच्या अडीच पट जड असतं, म्हणजे आधी तराजूच बोलला असता. आणि इस्रो निविदा काढून खरेदी करते, लॉजवर माणूस पाठवून नाही.

साहेब उतरले होते त्या स्टेशनजवळच्या लॉजवर आम्ही दोघं गेलो. आणखी एक हप्ता आणलाय, असं फोनवर सांगितलं होतं. भाच्यानं एका फुटक्या स्पीकरचं चुंबक खिशात घेतलेलं. साहेबांनी नाणं काढलं, भाच्यानं चुंबक पुढं धरलं, आणि नाणं खटकन जाऊन चिकटलं. वरून तांब्याचा मुलामा, आत लोखंड आणि चुंबक. साहेबांचा चेहरा जराही हलला नाही. ते एकदम मोठ्यानं ओरडले, "रेडिएशन लीक झालंय, लांब व्हा!"

आणि मी लांब झालो. सगळं माहीत असून. दोन पावलं मागं सरलो, भाचा माझ्याकडं बघत राहिला, आणि तेवढ्यात तो माणूस बॅग उचलून जिन्यानं खाली. रिक्षा आधीच उभी असावी. माझ्या मोबाइलवर तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याच्या घड्याळाकडं मी आत शिरतानाच बघितलं होतं, ते आता सहा मिनिटं पुढं होतं. स्वस्तातलं असणार.

तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा. हवालदारानं तक्रार लिहून घेताना "काळात पुढं" हे शब्द दोनदा विचारले. शेवटचे ८४ हजार मी तीनच दिवसांपूर्वी यूपीआयनं दिले होते, म्हणून भाच्यानं लगेच १९३० वर फोन लावायला लावला. सायबर फसवणुकीचा तो नंबर. सोलापूरकराला हा आकडा त्या साली इंग्रजांनी इथं लावलेल्या मार्शल लॉमुळं पाठ असतो, आता मला दुसऱ्या कारणानंही पाठ झाला. त्यातले ३१ हजार खात्यात गोठले. बाकीचे पुढं गेले होते. रोख दिलेल्या पैशांची तर पावतीही नाही. जेवढ्या लवकर फोन कराल तेवढं बरं, मी लाजेपायी एक दिवस जरी घालवला असता तरी तेही गेले असते. पाटल्या अजून गहाणच आहेत.

नाण्याचा शेतकरी त्या तालुक्यात कुणाला माहीत नाही. सूत दलालाचे स्वतःचे दोन लाख गेले, त्यामुळं तो सामील नव्हता असं मी धरून चाललोय. बायको धरत नाही.

हे सगळं मी घरातच ठेवणार होतो. पण गेल्या आठवड्यात त्याच दलालाचा फोन आला. "मालक, पंढरपूरकडं एक भांडं निघालंय. ते आपलं खोटं होतं, कबूल. हे खरं आहे म्हणतात. नवे साहेब आहेत, एकदम मोठे."

मी विचारलं, "हातात घड्याळ आहे का?"

"नाही मालक," तो म्हणाला, "हे साहेब घड्याळच वापरत नाहीत."