बंदराची दोन चित्रं, एक छापील आणि एक कोरीव

साताऱ्यात आजोबांच्या माडीवर बंदराची दोन चित्रं सापडली. मोठं, सोनेरी फ्रेमचं सगळ्यांनाच आवडलं. पोवई नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडून भिंग आणून पाहिलं, तर शिडाच्या रंगात निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके! म्हणजे ऑफसेट छपाई, यंत्रावर ठिपक्यांनी छापलेलं चित्र. सहीसुद्धा चित्रासोबतच छापलेली. किंमत फार तर फ्रेमची.

लहान चित्र कळकट, एका कडेला कसर लागलेली. पण रेषांभोवती चौकोनी दाब बोटाला लागतो, तो चित्र कोरून कागदावर दाबलेल्या धातूच्या पत्र्याचा. डोलकाठीच्या रेषेवर शाई किंचित उंच. खाली पेन्सिलीने १२/५०, म्हणजे पन्नासांतली बारावी प्रत. जाणकाराला हेच दाखवा. डाग घरी पुसू नका, कडा कापू नका. भिंतीवर मोठं लावा खुशाल, तिथे तेच शोभतं.